रीतीला तीन, उत्तराला एक

हरिसिंग आडे सरांच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर, मोटरच्या बटणाशेजारी, तेलरंगानं असा मजकूर लिहिलेला आहे :

मोटर सुरू करण्याची रीत
१. चप्पल घालावी.
२. हात कोरडे करावेत.
३. बटण खाली दाबावे.
४. टाकीकडे पाहावे.
उत्तर : पाणी.

'पाणी' या शब्दाखाली दोन रेघा आहेत. शेलूबाजारात नव्यानं आलेला माणूस हे वाचून हसतो. जुन्या माणसांपैकी निम्मे सरांच्या हाताखालून गेलेले आहेत. ते हसत नाहीत, आपल्या पायांत चप्पल आहे ना एवढं हळूच बघून घेतात.

एका उन्हाळ्यात सरांनी चारही पायऱ्या नीट पार पाडल्या आणि टाकीकडे पाहत उभे राहिले. पाणी येईना. त्यांच्या पत्नी सुंदरबाई दारातून ओरडत होत्या, "लाइन नाही हो, लाइन गेली!" सरांनी पुन्हा एकदा भिंतीवर नजर फिरवली, आपण काय काय केलं ते आठवलं, आणि समाधानानं घरात येऊन बसले. "रीत बरोबर हाय," म्हणाले. त्या दिवशी घरात प्यायला थेंब नव्हता, पण सरांच्या हिशेबानं चारपैकी तीन गुण मिळाले होते.

हा हिशेब त्यांचा फार जुना. गावातल्या शाळेत ते पाचवीला गणित शिकवत. उदाहरण चार ओळींत बसवायचं: दिलेले, विचारलेले, रीत, उत्तर. उजवीकडे उभी रेघ मारून कच्चं काम. बेरजेत हातचा आला तर तो अंकाच्या डोक्यावर टोपीसारखा बसवायचा. हातचा मनात ठेवणं त्यांना दुसऱ्याची वस्तू खिशात ठेवण्यासारखं वाटे. चार गुणांतले तीन रीतीला आणि एक उत्तराला. उत्तर हे शेवटी नशिबाचं असतं, रीत माणसाच्या हातात असते, असं ते म्हणत.

सुंदरबाईंशी लग्न ठरवायला ते त्यांच्या तांड्यावर गेले होते तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "स्वयंपाक येतो का?" सुंदरबाई म्हणाल्या, येतो. "भाकर कशी करता?" सुंदरबाईंनी मान वर केली आणि सांगितलं, "हातानं." सरांना हे उत्तर अपुरं वाटलं, पण तोवर भाकर खाऊन झाली होती. संसार झाला. घरात दोघं गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलत. भांडण मात्र सुंदरबाई वऱ्हाडीत करत, शेजाऱ्यांना नीट कळावं म्हणून.

वर्गात दरवर्षी पहिला कोण येई, हे या गुणांवरून ठरे. त्या वर्षी गोविंदा काळबांडे होता. त्याची वही बघत राहावी अशी. रेघा पट्टीनं मारलेल्या, हातचे टोपी घालून बसलेले, प्रत्येक ओळ आपापल्या जागी. त्याच्या उदाहरणातली जीप वाशीमहून निघाली की मधले सगळे थांबे नियमानं घेई, फक्त शेलूबाजारला न येता इंझोरीला जाऊन उभी राही. चारपैकी तीन. एकही उत्तर बरोबर न येता गोविंदा पंच्याहत्तर टक्के मिळवी आणि त्याचे वडील शाळेत पेढे आणत.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेत मात्र रीत कोणी विचारतच नाही. चार उत्तरं छापलेली असतात, बरोबर उत्तराचा गोल काळा करायचा. आडे सरांची मुलं तिथंही प्रश्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर 'दिलेले' लिहून सुरुवात करत. वेळ संपल्याची घंटा होई तेव्हा त्यांचा निम्मा पेपर झालेला असे. शाळेचं एकही मूल कित्येक वर्षांत पास झालं नव्हतं. मुख्याध्यापक दर निकालाला विचारत, "आडे सर, काय झालं?" सर म्हणत, "पेपर काढणाऱ्याले शिस्त नाही."

अशा वर्गात धम्मदीपा पडघान आली.

तिचे वडील संघदीप शेलूबाजार-मंगरूळ रस्त्यावर जीप चालवत. पोरगी बारकी, दोन वेण्या, पहिल्या आठवड्यात कोणाशी बोलली नाही. सोमवारी सरांनी संत्र्यांचं उदाहरण घातलं.

"एका पेटीत अठ्ठेचाळीस संत्री. अशा पंचवीस पेट्या. एकूण संत्री किती? लिहा पोरंहो, दिलेले..."

"बाराशे," मागच्या बाकावरून आवाज आला.

सरांचा खडू 'दि'वर थांबला. "कोन बोललं?"

"मी, सर."

"बाराशे कसे आले?"

तिनं खरंच विचार केला. "आले नाही सर. तिथंच होते."

"तिथं म्हंजे कुठं?"

तिनं फळ्याकडे बोट दाखवलं. फळ्यावर 'दि'शिवाय काही नव्हतं. वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी उदाहरण पूर्ण सोडवलं, फळा भरला, खाली उत्तर आलं बाराशे. धम्मदीपा इतका वेळ खिडकीबाहेर बघत होती, वाट पाहून कंटाळलेल्या पासिंजरसारखी.

घरचा अभ्यास तपासायला आला तेव्हा तिच्या वहीत पाच उदाहरणांची पाच उत्तरं होती, एकाखाली एक. सगळी बरोबर. सरांनी लाल शाईनं लिहिलं : रीत? दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच उत्तरं. सरांनी लिहिलं : रीत?? तिसऱ्या दिवशी तिला उभं करून बजावलं, "संपूर्ण लिहायचं. दिलेले, विचारलेले, रीत, उत्तर. एक ओळ सुटली तर वही परत."

चौथ्या दिवशी वहीत होतं :

दिलेले : सरांनी दिले आहे.
विचारलेले : ते पण सरांनीच.
रीत : मी प्रश्न वाचला. उत्तर आले. मग मी आईला विचारले, रीतीत काय लिहू. आई म्हणाली, सर म्हणतात तसे लिही. सर म्हणतात, रीत लिही. रीत.
उत्तर : ७३५.

७३५ बरोबर होतं. शिक्षकांच्या खोलीत ती वही हातोहात फिरली आणि मुख्याध्यापकांना चहा पिताना ठसका लागला. सरांनी एक गुण दिला. पोरगी आगाऊ नाही, खरं तेच लिहिते, हे त्यांना दिसत होतं. त्यामुळे तर त्यांना जास्तच भीती वाटली.

पहिल्या चाचणीत धम्मदीपाला पंचवीस टक्के मिळाले. शाळेच्या नियमानं ती अप्रगत मुलांच्या ओळीत बसली. तिथं ती शेजारच्या मुलांना उत्तरं सांगे, आणि रीत येत नसल्यामुळे तीही सगळी अप्रगतच राहत.

संघदीप शनिवारी जीप शाळेच्या फाटकाशी उभी करून आत आले.

"जयभीम, सर."

"जयभीम. बसा. पोरगी हुशार हाय तुमची."

"मंग पंचवीस काहून? समदे उत्तर बरोबर हायेत म्हनते ते."

"बरोबर हायेत. पन कसे आले ते सांगत नाही."

संघदीप जरा खुर्चीच्या टोकावर सरकले. "सर, मी जीप मंगरूळले नेतो. पासिंजर पाहते, मंगरूळ आलं का. आलं, उतरते. गिअर कवा कवा टाकला ते आजपावतर एकानं मले इचारलं नाही."

"पोलीस इचारते."

संघदीपनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "ते बी खरं हाय."

"तुमची गाडी, तुमचं लायसन, सारं बरोबर असते. तरी कागद दाखवा लागते का नाही? उत्तराजवळबी कागद पायजे, संघदीप. नाहीतर लोक म्हनते, कुठून आनलं?"

संघदीपनी मान हलवली. ही गोष्ट त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. "मंग शिकवा तिले कागद कराले. पन सर," दाराशी जाऊन ते थांबले, "पोट्टीले त्यात मजा येते. तेवढी ऱ्हाऊ द्या."

सरांनी धम्मदीपाला संध्याकाळी घरी बोलवायला सुरुवात केली. ओसरीवर चटई, भिंतीवर मोटरची रीत, समोर सर. पहिला धडा असा की उत्तर आलं तरी बोलायचं नाही. चौथ्या ओळीपर्यंत तोंडात धरून ठेवायचं. पोरगी आज्ञाधारक. उदाहरण ऐकलं की ती गाल फुगवून बसे आणि 'दिलेले' लिहायला घेई.

सुंदरबाई तांदूळ निवडताना बघत. "पोरीच्या तोंडात काय हाय?"

"उत्तर," सर म्हणाले.

"मंग थुकू द्या तिले. ठसका लागन."

"तू मधात बोलू नको. शिस्त लागून राह्यली."

"आमच्या बकरीलेबी लावली होती तुमी शिस्त. चारा खायाची रीत. उपाशी मेली असती, मी होती म्हनून वाचली."

धम्मदीपाचे गाल फुटले आणि उत्तर हसण्याबरोबर बाहेर पडलं. सरांनी नवं उदाहरण घातलं.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वही पालटली. रेघा पट्टीच्या झाल्या, हातचे टोप्या घालून बसले. आधी चारपैकी चार, मग कधी चार कधी तीन, आणि मग बऱ्याचदा तीन. तीनच्या वेळी काय चुकलं हे सर बघत नसत असं नाही. उत्तर चुकलेलं असे. पण आधी जो गुण तिला मिळत होता तो एकच होता आणि आता तीन मिळत होते, म्हणजे पोरगी पुढं गेली, हा हिशेब साधा होता. दुसऱ्या चाचणीत तिला पंच्याऐंशी टक्के पडले. ती प्रगत झाली. गोविंदा तिच्याशी बोलेनासा झाला. मुख्याध्यापकांनी सरांची पाठ थोपटली आणि शिष्यवृत्तीसाठी तिचंही नाव पाठवलं. तिच्याशेजारी बसून आयती उत्तरं मिळवणारी अप्रगत मुलं तेवढी हळहळली.

डिसेंबरात एका रविवारी सरांना मंगरूळला काम निघालं. चौकात संघदीपची जीप भरत होती. आठची जीप, म्हणजे ती नऊला सुटणार होती. पुढं वडिलांशेजारी धम्मदीपा बसलेली. सर मागच्या बाकावर धुरपताबाईंच्या टोपल्यांमध्ये अंग चोरून बसले.

धुरपताबाई तांड्यावरून भाजी घेऊन रोज मंगरूळला जात. या जीपमध्ये रविवारचा एक खेळ चालतो, असं सरांनी ऐकलं होतं: पासिंजर पोरीला आकडे घालत आणि ती पुढचा खड्डा यायच्या आत उत्तर देई. धुरपताबाई शाळेत गेल्या नव्हत्या. उत्तर खरं की खोटं हा त्यांचा विषय नव्हता, त्यांना वेग आवडे.

"धम्मे, लय दिवसानं आली वं तू. शाळेनं सोडली नाही काय? सांग बरं..." त्यांना आकडा सुचेना. शेजारी कॉलेजचा एक पोरगा मोबाइल घेऊन बसला होता. तो म्हणाला, "छत्तीस गुनिले पंचवीस."

सरांनी सवयीनं मनात रेघ आखायला घेतली.

धम्मदीपानं काचेकडे बघितलं. मग समोरच्या धुळीनं माखलेल्या पत्र्यावर बोटानं लिहिलं : दिलेले. जीप पहिल्या खड्ड्यातून गेली. ती पुसलेलं पुन्हा लिहू लागली. साहा पंचे तीस, तिनाची टोपी छत्तीसच्या डोक्यावर बसली. दुसरा खड्डा गेला, तिसरा गेला. धुरपताबाईंनी एक जुडी बांधून घेतली. शेवटी ती म्हणाली, "दोनशे बावन्न."

पोरानं मोबाइल पुढं केला. "नऊशे."

जीपमध्ये थोडं हसू झालं. वाईट कोणाच्या मनात नव्हतं. धुरपताबाई तिची बाजू घेत म्हणाल्या, "जाऊ द्या ना बापा. शाळा शिकून राह्यली ते आता. पहिले येत होतं."

धम्मदीपा मागं वळली. तिचा चेहरा पडलेला नव्हता. "सर, हातचा लिहिला ना मी?"

"हो," सर म्हणाले. "लिहिला."

वरच्या आरशात संघदीपचे डोळे एकदा सरांकडे गेले आणि परत रस्त्यावर आले. मंगरूळ आलं. सरांनी उतरताना भाडं पुढं केलं, तर संघदीप "राहू द्या सर, तुमी आमच्या पोरीले शिकवता" म्हणाले, आणि ते सरळ मनानं म्हणाले, हे सरांना जास्त लागलं.

संध्याकाळी सर ओसरीवर भिंतीकडे बघत बसले.

"काय झालं?" सुंदरबाईंनी विचारलं.

"पोरगी चुकली. छत्तीस पंचवीस."

"मंग काय! तुमच्या हिशेबानं तीन गुन झाले."

सर भिंतीकडेच बघत राहिले. सुंदरबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. पुढं बोलायचं आहे की नाही हे त्या ओळखत; कशावरून ओळखता, असं सरांनी विचारलं असतं तर पुन्हा 'हातानं'सारखंच काहीतरी म्हणाल्या असत्या.

लहान हरिसिंग आडे आश्रमशाळेत होता तेव्हा त्यालाही आकडे 'तिथंच' दिसत. वाचलं की उत्तर समोर उभं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याचा पेपर उचलला. नुसती उत्तरं, सगळी बरोबर, खाडाखोड नाही. "कोणाचं पाहून लिहिलंस?" हरिसिंगच्या आजूबाजूच्या सगळ्या पोरांची उत्तरं चूक होती, चुकीचं पाहून बरोबर कसं लिहिता येईल, हा प्रश्न साहेबांना पडला नाही. तांड्यावरच्या पोराकडे एखादी वस्तू दिसली की ती कुठून आणली हे विचारायची तेव्हा पद्धतच होती. हरिसिंगला सांगता आलं नाही. दुपारभर तो व्हरांड्यात कान धरून उभा होता आणि येणारेजाणारे त्याला बघत होते.

त्या दिवसापासून त्यानं सगळं लिहायला सुरुवात केली. इतकं लिहिलं की पुन्हा कोणाची विचारायची छाती झाली नाही. शिक्षक झाला, हजारो पोरांना पुरावे तयार करायला शिकवलं. मधल्या काळात कधीतरी उत्तरं आपण होऊन यायची थांबली. केव्हा, ते कळलं नाही. आज धुरपताबाई बोलल्या तेव्हा कळलं. पहिले येत होतं.

शिष्यवृत्तीची परीक्षा फेब्रुवारीत होती.

दुसऱ्या दिवशी धम्मदीपा चटईवर बसली, पट्टी काढली आणि 'दिलेले' लिहिलं. सरांनी वही आपल्याकडे ओढून घेतली.

"आजपासून तू फक्त उत्तर सांगायचं. रीत मी लिहीन."

ती संशयानं बघू लागली. "काहून?"

"माझा सराव कमी पडून राह्यला."

पहिले काही दिवस काहीच घडलं नाही. सर उदाहरण वाचत आणि ती त्यांच्या हातातल्या पेन्सिलीकडे बघत बसे, ओळी कधी सुरू होतात याची वाट बघत. गाल फुगत नसत, कारण आत काही नव्हतं. सरांनी पाठ फिरवून बसायला सुरुवात केली. "मी पाहत नाही. कोनीच पाहत नाही." सुंदरबाईही तांदळाचं ताट घेऊन तोंड फिरवून बसत. दोन म्हातारी माणसं भिंतीकडे तोंड करून बसलेली आणि मधे एक पोरगी, हे बघून रस्त्यावरचे लोक सायकल हळू करत.

एका संध्याकाळी सरांनी उदाहरण अर्धंच वाचलं होतं. "एका गावात अठरा गल्ल्या, दर गल्लीत चोवीस घरं. तर..."

"चारशे बत्तीस," मागून आवाज आला. मग लगेच घाबरून, "सर, मी धरून ठेवत होती. सुटलं."

सर वळले नाहीत. भिंतीकडे बघतच त्यांनी पान उलटलं. मग म्हणाले, "पुढचं ऐक."

आता त्यांची वही भरू लागली. म्हणजे वही तिची, अक्षर सरांचं. ती पाच मिनिटांत उत्तरं सांगून सुंदरबाईंच्या बकरीकडे जाई आणि सर दिवेलागणीपर्यंत रीत लिहीत बसत. दुसऱ्या दिवशी शाळेत तीच वही ते तपासत. एकदा हातचा लिहायचा राहिला होता. त्यांनी प्रामाणिकपणे अर्धा गुण कापला. धम्मदीपा म्हणाली, "सर, तुमी लक्ष देत नाही."

गोविंदानं तक्रार केली, "सर, तुमी तिचा अभ्यास करून देता. माया बी करा ना."

"तुयी रीत चांगली हाय रे."

"मंग उत्तर तरी सांगा."

मुख्याध्यापक रोज सकाळी दारातच विचारू लागले, "आडे सर, गृहपाठ झाला का?" सर म्हणत, "दोन उदाहरणं राह्यली."

परीक्षेच्या आधल्या दिवशी सरांनी तिला सांगितलं, "उत्तरं आली की गोल काळे कर. मंग शेवटचं पान असते, कच्च्या कामाचं. ते कोरं ठेवायचं नाही. भरून टाकायचं."

"कायले? गोल तं झाले असतीन."

"कोनी इचारलं तर दाखवाले."

"कोन इचारन?"

सरांनी चष्मा पुसला. "मले इचारलं होतं."

धम्मदीपानं त्यांच्याकडे बघितलं. "मंग तुमी काय सांगतलं?"

"काही नाही. उत्तर बरोबर होतं, तेवढंच मले माहीत होतं."

त्या दिवशी ती बकरीकडेही गेली नाही. जाताना मोटरच्या भिंतीसमोर उभी राहून तिनं ती रीत वरपासून खालपर्यंत वाचली, जशी यापूर्वी शंभरदा वाचली असेल.

परीक्षा मंगरूळला होती. सर फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभे होते. संघदीप जीपला टेकून उभे. सरांचं लक्ष आतल्या व्हरांड्याकडे होतं. तिथं कोणाला कान धरून उभं केलेलं नाही ना, हे ते परत परत पाहून घेत होते.

घंटा झाली. मुलं बाहेर आली. गोविंदा रडवेला होता, त्याच्या रीतीसाठी पान पुरलं नव्हतं. त्याच्यामागून धम्मदीपा शेंगदाणे खात आली.

"झालं?"

"कवाच झालं सर. लय वेळ बसून होती."

"कोनी काही म्हनलं?"

"मॅडम आल्या होत्या. माया बाकाजवळ उभ्या राह्यल्या. म्हनाल्या, एवढ्या लवकर कसं झालं? कच्चं काम दाखव."

सरांच्या हातातली पिशवी खाली आली. "मंग?"

"दाखवलं. पान भरलेलं होतं ना. त्यांनी पाहिलं, म्हनाल्या, छान मांडनी हाय, आन गेल्या."

"काय लिहिलं होतं?"

धम्मदीपानं एक शेंगदाणा फोडला. "एक, चप्पल घालावी. दोन, हात कोरडे करावेत. तीन, बटन खाली दाबावे." तिनं थांबून सरांचा चेहरा बघितला. "सारं लिहिलं सर. पान मोठं होतं म्हनून चारदा लिहिलं. उत्तराखाली दोन दोन रेघा मारल्या."

संघदीप हसता हसता जीपच्या बॉनेटवर वाकले. सरांनी खूप वेळ कडुनिंबाकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "चौथी पायरी लिहिली?"

"टाकीकडे पाहावे. लिहिली ना."

सर घरी आले तेव्हा सुंदरबाई दारातच उभ्या होत्या. "कसं झालं? पास होईन काय पोरगी?"

"होईन."

"कशावरून म्हनता?"

निकाल लागायला अजून बरेच महिने होते. धम्मदीपानं गोल कोणते काळे केले ते सरांनी विचारलं नव्हतं, एकही उत्तर ताडून पाहिलं नव्हतं, उजवीकडे रेघ मारून कुठलंच कच्चं काम केलं नव्हतं. तरी उत्तर समोर होतं, स्वच्छ.

"आवो, मी काय इचारून राह्यली? कशावरून?"

सरांनी पिशवी खाली ठेवली, चपला दारात काढल्या, भिंतीपाशी गेले आणि बटण दाबलं.

सुंदरबाई किंचाळल्या, "आवो, पहिली पायरी! चप्पल!"

वर टाकीत पाणी पडू लागलं होतं.